विदर्भ जिंकला तेव्हा

मित्रांनो, तुमचा आवडता क्रिकेट संघ कोणता असं विचारलं, तर कोणी मुंबई म्हणेल, कोणी चेन्नई. एक संघ हरला की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच संघाची टोपी घालून येणारेही तुमच्या वर्गात असतीलच! माझा संघ मात्र लहानपणीच ठरून गेला. तो म्हणजे विदर्भ. वर्ध्याला अगदी लागून असलेल्या सिंदी मेघेत मी वाढलो. इथून नागपूर पाऊणशे किलोमीटर. तिथे खेळतो तो संघ आपला, इतका साधा हिशेब.

संघ आपला होता खरा, पण तो जिंकायचा कुठे?

रणजी करंडक म्हणजे काय, ते आधी सांगतो. १९३४ पासून ही स्पर्धा सुरू आहे. आपल्या एकट्या महाराष्ट्रातून तीन संघ तिच्यात उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. साखळी सामने चार दिवसांचे, बाद फेरीचे पाच दिवसांचे. तेवढ्या दिवसांत निकाल लागलाच नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो सरस. विदर्भ या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९५७-५८ च्या हंगामात. त्यानंतर किती वर्षं गेली असतील? तब्बल साठ! या साठ वर्षांत विजेतेपद तर सोडाच, आमच्या संघाने कधी उपांत्य फेरीसुद्धा पाहिली नव्हती. तिकडे मुंबईच्या नावावर ४१ विजेतेपदं जमा झाली होती.

आमच्या घरी विदर्भाचा हिशेब मोठेबाबा ठेवायचे. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. शाळेच्या साध्या वहीत त्यांनी रकाने आखले होते : तारीख, गाव, समोरचा संघ, निकाल. रेडिओवर किंवा पेपरात निकाल कळला की ते चष्मा लावून वही उघडायचे. गंमत म्हणजे ‘विदर्भ हरला’ असं ते कधीच लिहीत नसत. लिहायचे, ‘हरलो’. जणू काही स्वतःच पॅड बांधून उतरले होते! शेजारी चिडवायचे, “काय हो, यंदाही हरले ना तुमचे पहिलवान?” मोठेबाबा शांतपणे म्हणायचे, “आपल्या घरचं पोरगं नापास झालं, म्हणून शेजाऱ्याचं पोरगं दत्तक घेते का कोणी?”

मी सातवीत असताना ते मला नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर घेऊन गेले. सकाळची पॅसेंजर, सोबत पोळी-भाजीचा डबा. मैदानात प्रेक्षक इतके थोडे, की खेळाडूंचं एकमेकांशी बोलणं ऐकू यायचं. आपला एक गोलंदाज दिवसभर गोलंदाजी करत होता, पण त्याला एकही बळी मिळाला नाही. तरी त्याचं प्रत्येक षटक संपलं की मोठेबाबा टाळ्या वाजवायचे. मी विचारलं, “विकेट तर पडली नाही, मग टाळ्या कशाच्या?” ते म्हणाले, “उन्हात कोण धावून राहिलं मग? तू का मी?”

हळूहळू दिवस पालटू लागले. १९९५-९६ मध्ये आमचा प्रशांत वैद्य भारताकडून एकदिवसीय सामने खेळला. पुढे उमेश यादव आला. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत काम करायचे. २०११ मध्ये तो भारताच्या कसोटी संघात आला, विदर्भाचा पहिला कसोटीवीर! त्या दिवशी मोठेबाबांनी वहीत वेगळी ओळ लिहिली आणि तिला चौकट केली. २०१४ मध्ये ते गेले. वही माझ्याकडे आली. निकालाच्या रकान्यात मीही ‘हरलो’, ‘अनिर्णित’ असं लिहू लागलो. ‘जिंकलो’ हा शब्द मधूनमधून यायचा, पण करंडकाची ओळ कोरीच होती.

मग उजाडला २०१७-१८ चा हंगाम. फैज फजल कप्तान, मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि सोबत एकोणचाळीस वर्षांचा वसीम जाफर. संघ उपांत्य फेरीत पोचला. सामना कोलकात्याला, गाठ बलाढ्य कर्नाटकाशी. २१ डिसेंबर २०१७, शेवटचा दिवस. कर्नाटकाला हव्या होत्या ८७ धावा, आपल्याला तीन बळी. गुरुवार होता, कामाचा दिवस. हातातलं काम पुढे सरकेना; दर मिनिटाला मी मोबाइलवर धावफलक बघायचो. धावा वाढत गेल्या, तसं पोटात गोळा येत गेला. जिंकायला फक्त सहा धावा उरल्या असताना रजनीश गुरबाणीने शेवटचा गडी टिपला! विदर्भ पाच धावांनी जिंकला. हा गुरबाणी शिकलेला स्थापत्य अभियंता, बरं का! त्याने त्या डावात सात आणि सामन्यात बारा बळी घेतले.

अंतिम सामना इंदूरला, दिल्लीविरुद्ध. तिथेही गुरबाणीने कमाल केली. एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दोन आणि पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर तिसरा, अशी हॅट्ट्रिक! तिघांच्याही दांड्या गुल. दिल्लीच्या २९५ धावांना विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिलं. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. प्रथम श्रेणीतलं ते त्याचं पहिलंच शतक. १ जानेवारी २०१८ ला जिंकायला हव्या होत्या जेमतेम २९ धावा. विजयाचा फटका मारला जाफरने. नऊ गडी राखून विदर्भ विजेता!

घरात सगळे नाचले, पेढे वाटले. आम्हांला चिडवणारे शेजारीच पहिल्यांदा पेढा मागायला आले. रात्री मी वही काढली. पण वाटलं, हा शब्द माझ्या अक्षरात यायला नको होता. तो मोठेबाबांनी लिहायचा होता. शेवटी लिहिला, ‘जिंकलो’. लिहिताना त्या दिवसभर धावणाऱ्या गोलंदाजाची आठवण झाली. साठ वर्षं जे हरले, तेही पुढच्या वर्षी पुन्हा पांढरे कपडे घालून मैदानात उतरलेच ना? ते उतरले नसते, तर इंदूरला जायला संघ तरी कुठून उरला असता?

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, विदर्भाने नागपूरला सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक घेतला. मार्च २०२४ मध्ये मात्र मुंबईने आम्हांला वानखेडेवर हरवलं. समोर ५३८ धावांचा डोंगर, तरी वाडकरने शतक काढून सामना पाचव्या दिवसापर्यंत नेला. वहीत लिहिलं, ‘हरलो’. हात जुनाच होता, त्याला सवय होती!

आणि २ मार्च २०२५. जामठ्याचं मैदान आमच्या वर्धा रोडवरच. आठवीतल्या पुतणीला घेऊन मी अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस बघायला गेलो. समोर केरळ. तोही संघ १९५० च्या दशकापासून खेळतोय आणि अंतिम फेरीत पहिल्यांदाच आला होता. पहिल्या डावात त्यांचा कप्तान सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला आणि केरळचा डाव ३४२ वर आटोपला. विदर्भाच्या होत्या ३७९. सामना अनिर्णित राहिला आणि ३७ धावांच्या त्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. पोरगी उड्या मारत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, “काका, विदर्भ पहिले हरायचं का?” तिला खरंच माहीत नव्हतं!

आमच्या मागच्या रांगेत केरळचे एक वयस्क गृहस्थ एकटेच बसले होते. हरल्यावरही ते उभे राहून आपल्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवत होते. मी पुतणीला म्हटलं, “जा, त्यांना चिवडा दे.” चिवडा घेऊन ते हसले आणि हिंदीत म्हणाले, “आमचीही पाळी येईल.” मी म्हटलं, “नक्की येईल. आम्ही साठ वर्षं थांबलो होतो.”

मित्रांनो, तुमच्या शाळेचा कबड्डीचा नाहीतर खो-खोचा संघ असेलच. कदाचित तो दरवर्षी पहिल्याच फेरीत हरत असेल. यंदा त्याच्या सामन्याला जा. आणि निकाल वहीत लिहायचा झाला, तर ‘ते हरले’ असं लिहू नका हं!