रविवारची बाटली

6 फेब्रुवारी 2025, गुरुवार
सोनोग्राफीचा रिपोर्ट. फॅटी लिव्हर, ग्रेड 2. दारू बंद, गोड कमी. ह्यांनी विचारलं, "वाइनसुद्धा?" डॉक्टरांनी नुसतीच पेनाला टोपी लावली.
पाम बीच रोडभर दोघंही गप्प.

9 फेब्रुवारी, रविवार
दिवाळे गावातून बोंबील आणले. रवा लावून तळले. ह्यांनी पाण्याचा ग्लास भरून घेतला. दोन बोंबील खाऊन उठले. एरवी चेनिन ब्लाँबरोबर परात रिकामी व्हायची.

10 फेब्रुवारी
कपाटातली व्हिस्की. पातळी पाहिली. तेवढीच. पाहिली म्हणून दिवसभर मनात टोचत राहिलं.

13 फेब्रुवारी
दिंडोरीहून भावाचा फोन. वायनरीची चेनिन द्राक्षं काढायला घेतली. पहाटे चारला मजूर शेतात, मणी थंड असतानाच माल गाडीत. रसातली साखर 22 ब्रिक्स. आभाळ मात्र भरलेलं, अवकाळीची धास्ती.
बिनअल्कोहोलच्या वाइनबद्दल विचारलं. हसला. "ताई, मग दाजींना द्राक्षंच खायला घाल की."

15 फेब्रुवारी, शनिवार
वाशीचं सुपरमार्केट. ज्यूसच्या फळीवर, कोकम सरबताच्या शेजारी, बिनअल्कोहोलची वाइन. 2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली होती. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अमलात आलाच नाही. त्यामुळे इथे वाइनच्या नावाचं जे काही आहे ते एवढंच.
हिरवी बाटली, सोनेरी कागद. घेतली.

16 फेब्रुवारी, रविवार
एक घोट. "लग्नातलं वेलकम ड्रिंक," म्हणाले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.
मागचं लेबल आता वाचलं. द्राक्षाचा रस, पाणी, कार्बन डायऑक्साइड. ही कधी वाइन झालीच नव्हती. 100 मिलीत साखर 13 ग्रॅम. दारू टाळायची आणि लिव्हरला साखर पाजायची!
उरलेली जेलीत घातली. जेली मीच खाल्ली.

18 फेब्रुवारी
रात्री वाचत बसले. बिनअल्कोहोलच्या वाइनची दुसरी जात वेगळी. आधी नीट वाइन करतात, मग तिच्यातलं अल्कोहोल काढतात. ते एरवी 78 अंशांना उकळतं, तेवढ्या तापात वाइनची चव मरणार. म्हणून हवेचा दाब कमी करून 30 अंशांच्या आसपासच उडवतात. जर्मनीत ऱ्यूडेसहाइमच्या कार्ल युंगने 1908 मध्ये याचं पेटंट घेतलं. घरचा वाइनचा धंदा, आणि गिऱ्हाइकं डॉक्टरांच्या सांगण्यावरून वाइन सोडत होती.
तिथेही डॉक्टरच.

21 फेब्रुवारी
रात्री दोन वाजता हे गॅलरीत. झोप येत नाही म्हणाले. चहा केला.

22 फेब्रुवारी, शनिवार
गच्चीवर बिल्डिंगची मंडळी. दोनदा फोन आला. हे गेले नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवला.

23 फेब्रुवारी, रविवार
ऑनलाइन मागवलेली शार्डोने. खरी, अल्कोहोल काढलेली. ह्यांनी घोट तोंडात धरून ठेवला. "आत काहीच नाही गं."
खरंय. भावाच्या 22 ब्रिक्सची साखर वायनरीत अल्कोहोल होते. ते काढलं की साखरही नाही आणि अल्कोहोलचा जडपणाही नाही. ती पोकळी भरायला मग रस घालतात. हिच्यात साखर 6 ग्रॅम, तरी पोकळच.
किंमत खऱ्या बाटलीएवढी. आधी वाइन करायची, मग उतरवायची. दोनदा खर्च.

26 फेब्रुवारी
महाशिवरात्र. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. ह्यांनी दोनदा मागून घेतली. बरं वाटलं.

28 फेब्रुवारी
काही बाटल्यांवर 0.0, काहींवर 0.5 टक्के. 0.5 पर्यंत आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मद्य धरत नाहीत. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "0.0 च आणा. आणि त्यातून खरीची आठवण येऊन चिडचिड वाढली, तर तीही बंद करा."
चिडचिड कशाने वाढते ते मी कसं ओळखणार?

2 मार्च, रविवार
मस्कॅट. बूच काढताच खोलीभर मोगरा. जिभेवर गोड. हे म्हणाले, "वास घेऊन ठेवून दे."
म्हणजे थट्टा करण्याइतपत ठीक आहेत.

5 मार्च
फ्रिजच्या दारावर चिकटवलं:
'डीअल्कोहोलाइज्ड' लिहिलंय का.
0.0.
साखर 100 मिलीत 4 ग्रॅमच्या आत.
द्राक्ष मुळात आंबट आणि वासाचं हवं. रीसलिंग किंवा सोव्हिन्यों ब्लाँ.
बुडबुडे असतील तर उत्तम. पोकळपणा कमी जाणवतो.
चांगली गार करायची. उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची, टिकवायला आत अल्कोहोल नाही.

7 मार्च
भावाची काढणी उरकली. पाऊस आला नाही.

9 मार्च, रविवार
रीसलिंग, बुडबुड्यांची. साखर साडेतीन. मांदेली कुरकुरीत तळली, वर लिंबू.
ह्यांनी घोट घेतला. मांदेली खाल्ली. पुन्हा घोट. "आंबट आहे."
दुसरा ग्लास त्यांनी स्वतः ओतला. मला विचारलंसुद्धा नाही.

11 मार्च
ब्लँकेटं ठेवायला कपाट उघडलं. व्हिस्कीची बाटली नाही.

12 मार्च
विचारलं नाही. जेवण नीट. झोपही नीट लागलेली दिसते. कचऱ्याची पिशवी बांधण्याआधी उघडून पाहिली.

13 मार्च
होळी. पुरणपोळी, ह्यांना एकच. तोंडावर आलेला प्रश्न परत गिळला.

14 मार्च, शुक्रवार
धुळवड. हे गच्चीवर गेले, बादलीत बर्फ आणि त्यात आपली रीसलिंग घेऊन. तासाभराने मी भजी घेऊन वर गेले. चौथ्या मजल्यावरचे जोशीबुवा म्हणाले, "वहिनी, व्हिस्की झकास. साहेबांनी मंगळवारीच आणून दिली. म्हणाले, घरात जागा अडवते."
भजी ठेवली. खाली आले. पंख्याखाली बसले.

15 मार्च
ह्यांना काही बोलले नाही. बोंबील जास्त आणायचं ठरवलं.

23 मार्च, रविवार
पुन्हा वाशी. या वेळी हेही. फळीवर नवी बाटली, मुलगा लगेच पुढे आला.
"सर, झीरो अल्कोहोल."
"ते दिसतंय. साखर किती?"
"वाइन आहे सर. वाइनमध्ये साखर कशाला असेल?"
ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बाटली फिरवली आणि 9 ग्रॅमवर बोट ठेवून त्याच्यासमोर धरली. मुलाने वाचलं. शेजारची बाटली काढून तीही वाचली. मग तिसरी.
दोन रीसलिंग घेतल्या. पुढची सोनोग्राफी मेमध्ये.