इंद्रायणीचा पूल आणि महिन्याचा पास

चिंचवड

प्रिय वसुधा,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "आता चाकणला जायला किती पडतात गं?" त्याचं उत्तर एका आकड्यात मावत नाही, म्हणून हे पत्र.

1 जून 2025 पासून पीएमपीचं, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बसचं, भाडं बदललं. पहिल्या 5 किलोमीटरला 10 रुपये, मग 30 किलोमीटरपर्यंत दर 5 किलोमीटरला आणखी 10. सगळी तिकिटं दहाच्या पटीत आली हे मला मनापासून आवडलं. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालायचं एक निमित्त गेलं. शिवाय 2023च्या ऑक्टोबरपासून बसमध्ये यूपीआयही चालतं.

पण बस बदलावी लागली की हेच टप्पे महाग पडतात. बारा किलोमीटर एकाच बसने गेलीस तर 30 रुपये. तेच अंतर सहा-सहा किलोमीटरच्या दोन बसने कापलंस तर 20 आणि 20, म्हणजे 40. दुसऱ्या बसमध्ये पाय ठेवला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून! आणि थेट बस काही प्रत्येकाच्या घराजवळून सुटत नाही. चाकणच्या कारखान्यात कामाला जाणारा कुणी आधी भोसरीला येतो, तिथून चाकणची बस धरतो, आंबेठाण चौकात उतरतो आणि कंपनीच्या गेटपर्यंत शेअर रिक्षा करतो. कायम कामगारांना बऱ्याच ठिकाणी कंपनीची बस असते. ठेकेदाराकडची पोरं मात्र पुष्कळदा स्वतःच्या खिशातून येतात-जातात. ज्यांचा पगार कमी, त्यांनाच जास्त तिकिटं काढावी लागतात. हे मला अजिबात पटत नाही.

पास काढावा म्हटलं तर मध्ये हद्द येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला पास दिवसाचा 70 रुपये, महिन्याचा 1500. तो मोशीपर्यंत उपयोगी. इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा, कुरुळी, चाकण हे सगळं महापालिकेबाहेर. तिकडे जायचं तर पीएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेशाच्या, हद्दीचा पास हवा, दिवसाचा 150, महिन्याचा 2700. कारखाने नदीच्या पलीकडे आणि कामगारांच्या खोल्या अलीकडे, असं कितीतरी जणांचं आहे. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाल्या तेव्हा दोन बससेवांमधली दापोडीची हद्द निघून गेली. आता ती मोशीला जाऊन बसलीय.

बायकांचं तर आणखी वेगळं. चाकणला जाणाऱ्या त्याच नाशिक रस्त्यावरून एसटीही धावते. मार्च 2023 पासून तिथे आपल्याला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना तर त्याआधीपासूनच प्रवास मोफत. पण ही सवलत शहर बससाठी नाही. म्हणजे रस्ता तोच, थांबे जवळपास तेच, आणि राजगुरुनगरला निघालेल्या एसटीत बसलेली बाई अर्धं भाडं भरते, तर मागून येणाऱ्या पीएमपीतली पूर्ण. पीएमपीच्या तेजस्विनी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास आहे, पण महिन्यातून एकदाच, आठ तारखेला. कर्नाटकाने जून 2023 मध्ये बायकांना मोफत बस प्रवासाची शक्ती योजना आणली ती बेंगळुरूच्या शहर बससकट. तिकडे जमलं ते आपल्याला का जमू नये? असेंब्ली लाइनवर उभं राहून काम करणाऱ्या मुलींच्या दृष्टीने रोजचे वीस-तीस रुपये थोडे नाहीत.

मेट्रोचं म्हणशील, तर ती छान आहे, स्वच्छ आहे, पिंपरीहून थेट स्वारगेटला नेते. पण तिचं तिकीट वेगळं, लोणावळा लोकलचा मासिक पास वेगळा.

म्हणून तुमच्या जर्मनीच्या त्या एका तिकिटाचा मला हेवा वाटतो. मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं. किंमत नंतर वाढली हे खरं, पण बस, ट्राम, स्थानिक रेल्वे सगळं एकाच तिकिटावर, आणि तेही देशभर! आपल्याला देशभर नको. निगडी ते चाकण एवढं झालं तरी पुष्कळ. सुरुवात म्हणून दोनच गोष्टी कराव्यात असं माझं ठाम मत आहे. दीड तासाच्या आत बस बदलली तर टप्पे सलग मोजावेत, आणि 1500चा पास चाकणपर्यंत चालू द्यावा. तोटा होईल, तो राज्य सरकारने आणि ज्यांच्या दारात हे कामगार रोज उभे राहतात त्या कारखान्यांनी मिळून सोसावा.

एक काम कर. तुमच्या स्टुटगार्टला तिकिटाचा पैसा बसवाले, ट्रामवाले आणि रेल्वेवाले आपसात कसा वाटून घेतात, ते जाणकाराला विचारून सविस्तर कळव. मी पीएमपीला पत्र लिहिणार आहे, आणि त्यात हा हिशेब मला घालायचाय.

तुझी,
सुनंदा