माबूल : खांबांवरची घरे आणि प्रवाळाचे अंगण

मलेशियाच्या साबाह राज्याच्या आग्नेय टोकाजवळ, सेलेबिस समुद्रात, माबूल नावाचे एक चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम २० हेक्टर, म्हणजे सुमारे ५० एकर. रमतगमत चालले तरी थोड्याच वेळात त्याची प्रदक्षिणा पूर्ण होते. मधोमध नारळाची झाडी, एका बाजूला परदेशी पाहुण्यांसाठी बांधलेली लाकडी कुटिरे, दुसऱ्या बाजूला कोळ्यांचे दाट वस्तीचे गाव. पाहुण्यांची कुटिरे असोत की कोळ्यांच्या झोपड्या, त्यांतील पुष्कळशी घरे जमिनीवर नसून पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी आहेत. भरतीच्या वेळी समुद्र घराखालून वाहतो आणि ओहोटीला खांबांच्या पायथ्याशी वाळू व प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात.

भारतातून निघालेला प्रवासी क्वालालंपूर येथे विमान बदलून सुमारे तीन तासांत तावाऊ या शहरी उतरतो. तेथून सेम्पोर्ना बंदरापर्यंत दीड तासाचा मोटाररस्ता आहे. रस्त्याच्या दुतर्फा ताडासारख्या झाडांच्या रांगा संपता संपत नाहीत. ही तेलताडाची लागवड. आपल्याकडील किराणा दुकानांत येणाऱ्या पामतेलाचा फार मोठा वाटा मलेशिया आणि इंडोनेशिया याच दोन देशांतून येतो. त्यामुळे ज्या मालाचे भाव पेढीवर रोज ऐकायचे, त्याचे झाड प्रत्यक्ष पाहण्याचा योग या वाटेवर अनायासे येतो. सेम्पोर्नाहून माबूलपर्यंत यांत्रिक होडीने साधारण पाऊण तास लागतो.

सेम्पोर्ना हे नाव मराठी कानाला परके वाटू नये. मलय भाषेत 'संपुर्ना' म्हणजे परिपूर्ण, आणि तो शब्द संस्कृतातील 'संपूर्ण'वरून आलेला आहे. मलय भाषेत नफ्याला 'लाबा' म्हणतात, तो आपला 'लाभ'. किमतीला 'हार्गा' म्हणतात, तो संस्कृतातील 'अर्घ', म्हणजे मोल. दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर ज्यांच्या घरी 'शुभ लाभ' लिहिले जाते, त्यांना सेम्पोर्नाच्या बाजारात हा शब्द ओळखीचा भेटतो. युरोपीय जहाजे या समुद्रांत येण्यापूर्वीच खंबायतचे व्यापारी गुजरातचे कापड मलाक्का बंदरात उतरवीत आणि परतीच्या वाऱ्यावर लवंग-जायफळ घेऊन येत. शब्दांनीही याच वाटांनी दीर्घ प्रवास केला.

माबूल आणि आसपासच्या बेटांवर खांबांची घरे बांधणाऱ्या लोकांत बजाऊ समाज मोठा आहे. त्यांच्यातील 'बजाऊ लाऊत', म्हणजे समुद्री बजाऊ, हे काही पिढ्यांपूर्वीपर्यंत घर नावाची वस्तू जाणतच नसत. त्यांचा संसार 'लेपा' नावाच्या होडीत चाले. जन्म होडीत, लग्नानंतरचा संसार होडीत, म्हातारपणही होडीत; केवळ दफनासाठी किनाऱ्याचा आधार घ्यावा लागे. फिलिपिन्सचा दक्षिण भाग, बोर्निओचा पूर्व किनारा आणि इंडोनेशियातील सुलावेसी यांमधील सारा समुद्र हा त्यांचा मुलूख. विसाव्या शतकात हळूहळू त्यांपैकी बरेच जण उथळ पाण्यात खांब रोवून स्थिरावले. होडीची आठवण मात्र सेम्पोर्नाने जपली आहे. १९९४ पासून तेथे लेपा होड्यांचा उत्सव भरतो. रंगीबेरंगी शिडे उभारून सजवलेल्या होड्यांची मिरवणूक समुद्रातून निघते.

खांबांवरचे घर ही गरिबीतून आलेली तडजोड आहे असा प्रथमदर्शनी समज होतो. पण रचना नीट पाहिली की तिच्यातील शहाणपण उमगते. खांबांना खाऱ्या पाण्यात टिकणारे लाकूड वापरतात. जमिनीच्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवतात, त्यामुळे खालून वारा खेळतो आणि विषुववृत्ताजवळच्या दमट उन्हातही घर सुसह्य राहते. छपराला निपा पामच्या झावळ्या किंवा अलीकडे पत्रा. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी अरुंद फळ्यांचे साकव. त्यांवरून दोन-तीन वर्षांची मुले तोल न जाता पळतात. दारापुढे अंगणाच्या जागी होडी बांधलेली असते. स्त्रियांच्या चेहऱ्यावर तांदळाच्या पिठाचा पिवळसर पांढरा लेप दिसतो. त्याला 'बुराक' म्हणतात. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हापासून त्वचेचे रक्षण करण्याचा तो जुना उपाय होय. या रचनेचे उणेपणही तितकेच उघड आहे. सांडपाणी थेट खाली जाते, प्लास्टिक खांबांत अडकून राहते आणि चोहोबाजूंनी पाणी असूनही पिण्याचे पाणी डबे भरून होडीने आणावे लागते.

बजाऊंचे पाण्याखालचे कौशल्य दंतकथेसारखे वाटते, पण विज्ञानाने त्याचा एक धागा शोधला आहे. २०१८ मध्ये 'सेल' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुलावेसीतील बजाऊंची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजाच्या तुलनेत सुमारे ५० टक्के मोठी आढळली. श्वास रोखून बुडी मारली की प्लीहा आकुंचन पावते आणि तिच्यात साठलेल्या तांबड्या रक्तपेशी रक्तात येतात, त्यांच्याबरोबर प्राणवायूही. समाजातील जे स्वतः बुड्या मारत नाहीत त्यांच्यातही ही वाढ दिसली. म्हणजे हा केवळ सरावाचा परिणाम नव्हे. अनेक पिढ्यांच्या सागरी जीवनाने शरीरावर उमटवलेला तो ठसा आहे.

हे लोक ज्यावर खांब रोवतात ते प्रवाळाचे पठार स्वतःच सजीव आहे. जवाहिऱ्यांच्या पेढीवर दिसणारे तांबडे पोवळे निराळे. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील अंधाऱ्या कपारींत वाढते आणि बेटे घडवीत नाही. सेलेबिस समुद्रातील प्रवाळ म्हणजे अतिसूक्ष्म जीवांच्या अफाट वसाहती. प्रत्येक जीव पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती कवच बांधतो. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील बराच वाटा यजमानाला देते. प्रवाळाचे पिवळे, जांभळे, हिरवे रंग बहुतांशी या सोबतीतून येतात. समुद्राचे पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापलेले राहिले, तरी ही सोबत तुटते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढराफटक होतो. तापमान वेळेत उतरले तर तो सावरतो, अन्यथा मरतो. जगभरच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही. तरी सागरी जीवांच्या सुमारे चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने जगतात. किनाऱ्यावरची शुभ्र वाळूदेखील काही अंशी याच जगाची देणगी आहे. पोपटासारखी चोच असलेला एक मासा प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून खातो आणि न पचलेला चुना बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो.

माबूलपासून थोड्याच अंतरावर सिपादान बेट आहे. समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर उंच चढलेल्या एका मृत ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांनी ते रचले आहे. किनाऱ्यापासून काही पावलांवर उथळ पठार संपते आणि निळ्याकाळ्या खोलीत सरळ भिंत उतरते. या भिंतीच्या कडेने कासवे अत्यंत निवांतपणे पोहताना दिसतात. पूर्वी बेटावर विश्रामगृहे होती. २००४ च्या अखेरीस ती हलवण्यात आली. आता तेथे मुक्काम करता येत नाही आणि रोजच्या पाहुण्यांची संख्या परवान्याने मर्यादित केलेली आहे.

सिपादानवर मलेशिया आणि इंडोनेशिया या दोघांनीही हक्क सांगितला होता. हे प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १७ डिसेंबर २००२ रोजी १६ विरुद्ध १ मतांनी सिपादान व शेजारचे लिगितान ही दोन्ही बेटे मलेशियाची ठरली. जुने करार निर्णायक ठरले नाहीत. न्यायालयाने पाहिले ते प्रत्यक्ष कारभाराचे दाखले : ब्रिटिश अमदानीत १९१७ साली कासवांची अंडी गोळा करण्यावर घातलेले निर्बंध, १९३३ मध्ये सिपादानवर राखीव केलेले पक्ष्यांचे अभयस्थान आणि साठच्या दशकात उभारलेली दीपगृहे. कासवांच्या अंड्यांबाबत कोणा अधिकाऱ्याने नीट लिहून ठेवलेल्या नियमांनी पाऊणशे-पंचाऐंशी वर्षांनंतर एका बेटाची मालकी ठरवली. कागदाचे मोल व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र याच पाण्यात ज्यांच्याजवळ कसलाच कागद नाही अशी असंख्य कुटुंबे राहतात. देशांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा बजाऊ लाऊत होडीत होते. कोणत्याही कचेरीत त्यांच्या जन्माची नोंद झाली नाही. आईबापांची नोंद नाही म्हणून मुलांची नाही, आणि मुलांची नाही म्हणून नातवंडांची नाही. त्यांच्यातील अनेकांना आज कोणत्याही देशाचे नागरिकत्व नाही. अशा मुलांना सरकारी शाळेचे दार बंद असते, दवाखान्यात परदेशी माणसाप्रमाणे पैसे मोजावे लागतात आणि कायदेशीर नोकरी मिळत नाही. ओमादाल बेटावर स्वयंसेवक अशा मुलांसाठी शाळा चालवतात. जून २०२४ मध्ये तुन सकारान सागरी उद्यानाच्या परिसरातील बजाऊंची अनेक घरे पाडण्यात आली. प्रशासनाने सुरक्षेचे आणि विनापरवाना बांधकामाचे कारण दिले. सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही; एप्रिल २००० मध्ये सिपादानवरून २१ जणांचे सशस्त्र अपहरण झाले होते आणि पुढे अनेक वर्षे या किनाऱ्यावर रात्रीच्या जलप्रवासास बंदी होती. तरीही पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यावर वास्तव्य केले, तेथेच उपरे ठरलेल्या माणसांनी जावे कोठे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रवाळाची हानी कोणी केली, याचे उत्तरही सरळ नाही. स्फोटकांनी मासे मारण्याची रीत या भागात वर्षानुवर्षे चालली. एका स्फोटात प्रवाळाचा चुरा होतो आणि तो चुरा लाटांबरोबर हलत राहिल्याने नव्या प्रवाळाला पाय रोवता येत नाही. काही जण जिवंत मासे पकडण्यासाठी पाण्यात विषारी सायनाइड सोडतात. हाँगकाँगसारख्या शहरांतील भोजनगृहांत जिवंत माशाला मोठा भाव मिळतो. हात येथल्या गरिबाचा असतो, मागणी दूरच्या श्रीमंत ताटाची असते. नफ्याचा मोठा भाग त्या वाटेवरच्या मध्यस्थांकडे राहतो आणि तोटा माबूलच्या पाण्यात जमा होतो.

याच समुद्रात उदरनिर्वाहाचा एक सौम्य मार्गही दिसतो, तो सागरी शैवालाच्या शेतीचा. सेम्पोर्ना हे मलेशियातील या शेतीचे प्रमुख केंद्र आहे. पाण्यात ताणलेल्या दोऱ्यांना शैवालाच्या जुड्या बांधतात. दोऱ्या तरंगत ठेवायला रिकाम्या बाटल्या वापरतात. सुमारे दीड महिन्यात पीक हाताशी येते आणि खांबांवरच्या फळ्यांवर पसरून वाळवले जाते. त्यापासून 'कॅराजीनन' नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ बनतो. आइस्क्रीम, चॉकलेटचे दूध, टूथपेस्ट अशा वस्तूंच्या वेष्टनावर तो 'ई ४०७' या खुणेने नोंदवलेला असतो. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. कॅराजीनन निव्वळ वनस्पतिजन्य. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचून मगच वस्तू घरात घेणाऱ्या गृहिणींच्या स्वयंपाकघरापर्यंत अशाच उथळ पाण्यातील पीक आलेले असते.

माबूलला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी आहाराची व्यवस्था आधी पाहावी. येथील पालेभाज्याही बहुधा 'बेलाचान' या कोळंबीच्या वाटणात परतलेल्या असतात. तेव्हा 'भाजी' एवढे ऐकून निश्चिंत होऊ नये. कांद्याला 'बावांग' आणि लसणाला 'बावांग पुतिह', म्हणजे पांढरा कांदा, म्हणतात. हे दोन शब्द पाठ असावेत. मलेशियाच्या शहरांत चिनी बौद्धांची शाकाहारी भोजनगृहे आढळतात आणि त्यांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. बेटावर मात्र सोबतचा खाकरा, ठेपले आणि सुकी चटणी यांचाच भरवसा. सूर्यास्त वर्षभर सहाच्या आसपास होतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी तसे मुक्कामाच्या ठिकाणी आधीच कळवावे.

समुद्रात उतरताना प्रवाळावर पाय ठेवू नये. अंगाला रासायनिक मलम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलू नये. भारतात बेटे घडवणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. होडी वल्हवत येऊन पैसे मागणारी मुले भेटतात. त्यांच्या हाती नाणी टेकवण्यापेक्षा गावातल्या नावाड्याची होडी भाड्याने घ्यावी, त्याच्याकडून नारळ विकत घ्यावा आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. त्या पैशातूनच संध्याकाळी खांबांवरच्या एखाद्या घरात तांदूळ येतो आणि पिण्याच्या पाण्याचे डबे भरले जातात.