गुलमोहर फुलतो नाताळात

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. अंतर जवळपास सारखंच, पण ऋतू पार उलटे! आपल्याकडे ऐन वैशाखात पेटणारा गुलमोहर इथे नाताळाच्या सुमारास लालभडक होतो आणि त्याच दिवसांत बाजारात लिच्यांचे घोस लटकतात. मुंबईत जुलैच्या धारा कोसळत असताना इथे हिवाळा असतो आणि उसाची तोड चालू असते.

त्याहून मोठा अचंबा पुढेच होता. पोर्ट लुईच्या लख्ख उन्हातून मोटार क्युरपीपच्या पठारावर चढली आणि तासाभराच्या आतच भुरभुर पाऊस, धुकं आणि अंगात स्वेटर! बेट उणंपुरं ६५ किलोमीटर लांबीचं. पण आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर चढतात, गारठतात आणि तिथेच रिते होतात. पठारावर वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. महाबळेश्वर आणि वाई एवढ्याशा बेटावर शेजारी मांडलेली!

हेच वारे जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्याला झोडपत राहतात. तेव्हा मुक्काम पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाककडे करावा. नोव्हेंबरपासून उष्मा वाढतो, समुद्र कोमट होतो. जानेवारी ते मार्च मात्र चक्रीवादळांचे महिने. १९६० च्या ‘कॅरोल’ने हजारो घरं भुईसपाट केली, त्यानंतर इथे सिमेंट-काँक्रीटची घरं वाढली. आता वादळाचा इशारा चार पायऱ्यांनी दिला जातो आणि तिसऱ्या पायरीला सगळं बेट दारं लावून घरात बसतं.

सर्वांत सुखाचा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. थंडी ओसरलेली, वारा मंदावलेला, पाऊस सर्वांत कमी. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांचा गणेशोत्सवही बहुधा याच सुमारास येतो. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे बाप्पा भर पावसात येतात, इथे वसंताच्या उन्हात.

तेव्हा मॉरिशसला जायचं तर आपल्या सुट्ट्यांचं नव्हे, तिथल्या वाऱ्यांचं पंचांग पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा, ते जमलं नाही तर मे-जून. आणि महिना कोणताही असो, पठारावर जाताना छत्री विसरू नका.