दुखतं ते हाड

घोट्यातली कूर्चा खराब झाली आहे, ऑपरेशन करू का, असं विचारत एमआरआयचं पाकीट पुढे करणाऱ्याला मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आले: होता होईल तो नको. कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना कबड्डीच्या मुली, तालमीतले पैलवान, गडकिल्ल्यांवर जाणारी मंडळी सतत भेटतात. पाय मुरगळणं त्यांच्यासाठी नित्याचं. तरीही माझं उत्तर बदलत नव्हतं. आज ते बदललं आहे, आणि कशामुळे, ते लिहून ठेवावंसं वाटतं. कारण ज्या विचाराने मी नको म्हणत होते, तो आजही पुष्कळांना पटण्यासारखा आहे.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि उतरतो, त्या दाबाने सांध्यातला द्रव आतबाहेर होतो, त्यावरच तिचं पोषण चालतं. पेशी मोजक्या, त्याही आपापल्या जागी अडकलेल्या. त्वचा कापली की रक्त येतं, खपली धरते, जखम भरते. कूर्चेत यातलं काहीच घडत नाही. विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. त्यात घोट्यातलं टॅलस हे हाड आणखी अवघड जागी बसलेलं. त्याला एकही स्नायू चिकटत नाही, त्याचा सुमारे 60 टक्के पृष्ठभाग कूर्चेनेच झाकलेला, म्हणून रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट थोडी. पाय जोरात मुरगळला की या हाडाचा घुमटासारखा माथा वरच्या हाडावर आपटतो आणि कूर्चेचा तुकडा, कधी खालच्या हाडासकट, सुटतो. साध्या एक्स-रेत तो अनेकदा दिसत नाही. लचकच आहे म्हणून महिनोन्‌महिने शेकत बसलेली मुलं मी खूप पाहिली आहेत.

यावर सर्वांत जास्त केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे दुर्बिणीतून सैल तुकडा खरवडून काढायचा आणि खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडायची. याला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात गुडघ्यासाठी ही पद्धत रुजवली आणि ती घोट्यातही आली. छिद्रांतून मज्जेतलं रक्त आणि पेशी वर येतात, गुठळी धरते आणि हळूहळू तिथे नवा थर तयार होतो. पण तो थर मूळ कूर्चेचा नसतो. मूळ कूर्चेत टाइप 2 कोलॅजन असतं; नव्या तंतुमय थरात बराचसा टाइप 1. तो कमी लवचीक, कमी टिकाऊ. हे ठिगळ आहे, असंच मी मानत होते. अस्सल वस्तू परत मिळणार नसेल, तर आठवडेच्या आठवडे कुबड्या कशाला घ्यायच्या? त्यापेक्षा पोटरीची ताकद वाढवू, तोल सुधारू, पट्टी बांधू.

माझं मत हललं ते एका साध्या प्रश्नाने. कूर्चेला संवेदनेचे तंतू नाहीत, हे मीच रुग्णांना समजावत होते. मग दुखतं काय?

ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक सी. निक व्हॅन डाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन लेख लिहिला. त्यांची मांडणी अशी: कूर्चेखाली हाडाची एक पातळ, घट्ट पाटी असते. तिला भेग पडली की प्रत्येक पावलागणिक सांध्यातला द्रव दाबाने त्या भेगेतून आत घुसतो. आतलं हाड विरघळू लागतं, पोकळ्या होतात, आणि त्या हाडात भरपूर असलेले मज्जातंतू कळवळतात. घोट्याच्या खोल आतून येणारी, चालून झाल्यावर ठणकणारी ती वेदना रुग्णाला बोटाने दाखवता येत नाही. लहानशी भेग असलेला माणूस हैराण का, आणि कूर्चा बरीच गेलेला एखादा मजेत का, याचा उलगडा मला तिथे झाला.

म्हणजे मी शस्त्रक्रियेला चुकीच्या कसोटीवर घासत होते, असं नाही. ती कसोटी अपुरी होती. मूळ कूर्चा परत येते का, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे: हाडाचं तोंड बंद होतं का? व्रण, म्हणजे तुकडा सुटून पडलेली जखम, लहान असेल तर तो दुय्यम दर्जाचा थर हे काम करू शकतो. शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे आलेल्या खेळाडूंमध्येही मला हेच दिसलं. सांधा आखडलेला असायचा, पोटरी वाळलेली असायची, पण ती खोल ठणक गेलेली असायची. ताठरपणा आणि अशक्तपणा यांच्याशी मला झगडता येतं. त्या ठणकेवर माझ्या हातात काहीच नव्हतं.

घोट्याविषयी अशी मतं बदलण्याला जुना इतिहास आहे. 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि घोट्याचा सांधा त्यासाठी फार अरुंद आहे, असा निष्कर्ष काढला. 1972 मध्ये जपानच्या मासाकी वातानाबे यांनी त्याच सांध्यातल्या दुर्बीण तपासण्यांचे अनुभव प्रसिद्ध केले.

सरसकट हो मात्र मी अजूनही म्हणत नाही. एमआरआयमध्ये डाग दिसला पण दुखत नाही, तर त्याला हात लावू नये. वाढत्या वयाच्या मुलांना पुष्कळदा विश्रांतीनेच बरं वाटतं. आकार तर फारच महत्त्वाचा: सुमारे 15 मिलीमीटरपर्यंतच्या व्रणाला छिद्रं पुरतात असं पूर्वी मानलं जाई; अलीकडचे अभ्यास ती मर्यादा 10 मिलीमीटरच्या आसपास आणतात. त्याहून मोठ्या व्रणासाठी बुडापेस्टच्या लास्लो हांगोडी यांनी नावारूपाला आणलेली पद्धत आहे: गुडघ्याच्या कमी भाराच्या भागातून हाडासकट कूर्चेच्या गोल कांड्या काढून टॅलसमध्ये बसवायच्या. इथे अस्सल कूर्चा मिळते, पण तिथवर पोचायला अनेकदा आतला घोटा कापून नंतर स्क्रूने जोडावा लागतो, आणि एरवी धडधाकट असलेला गुडघा दुखायला लागू शकतो. पूर्वी ज्या अस्सलपणासाठी मी अडून बसले होते, त्याची ही किंमत पाहून मी आता दोनदा विचार करते.

छिद्रांच्या शस्त्रक्रियेला पाठवताना आणखी एक गोष्ट मी आग्रहाने बोलते. साधारण चार ते सहा आठवडे पायावर भार नाही, पण सर्जननी परवानगी दिली की घोटा वरखाली हलवत राहायचा, कारण नव्या थराला ती हालचाल हवी असते. म्हणून तारीख ठरण्याआधीच विचारते: घरात कमोड आहे का, जिने किती, कुबड्यांवर असताना पाणी कोण आणून देणार? घोटा पुढे पुरता वाकला नाही तर उकिडवं बसताच येत नाही, आणि भारतीय संडास असलेल्या घरात ही अडचण रोज सकाळी उभी राहते. या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत, तर व्रण कितीही लहान असो, आधी घरची सोय करा आणि मग तारीख घ्या, असं मी सांगते.