एका वेळी एकच!

मुलांनो, आज तुम्हाला माझीच एक फजिती सांगते. वर्गात मी तुम्हाला चुका सुधारायला लावते ना? मग बाईंची चूकही तुम्हाला कळायला हवी!

माझ्या ताईचे दोन मुलगे. धाकटा छोटू सहावीत आहे. थोरला, म्हणजे त्याचा दादा, यंदाच इंजिनिअरिंगसाठी पुण्याला वसतिगृहात राहायला गेला. दोघांनी मिळून माइनक्राफ्ट या खेळात एक भलामोठा किल्ला उभारलाय. बुरूज, तटबंदी, चोरदरवाजा, सगळं आहे बरं का! हा किल्ला साठवलाय दादाच्या गेमिंग कन्सोलमध्ये. दर रविवारी रात्री आठला दादानं तो उघडायचा आणि छोटूनं आईच्या मोबाइलवरून आत शिरायचं, असं ठरलं होतं.

पण ओळीनं तीन रविवार किल्ला बंदच! छोटू रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, दादा मला विसरला गं."

मला असा राग आला! तडक फोन लावला आणि दादाला फैलावर घेतलं, "नवे मित्र मिळाले म्हणून भावाला विसरलास होय रे?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हळूच म्हणाला, "अगं मावशी, तीन आठवडे झगडतोय मी. कन्सोल वाय-फायला जोडलाच जात नाही. आणि छोटूला कसं सांगू की मला जमत नाही?"

मी ओशाळले. न विचारता बोलून बसले होते ना!

"काय काय करून पाहिलंस?" मी विचारलं.

"सगळं! पासवर्ड बदलला, सेटिंग्ज बदलल्या, कन्सोल बंद-चालू केला. मला तर वाटतं, खोलीतल्या मित्रानंच काहीतरी केलंय."

मुलांनो, गणित चुकलं की तुम्ही अख्खं पान खोडता, तसंच हे झालं. मी म्हटलं, "कुणावर आळ घेऊ नकोस. वही घे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं."

पहिली नोंद: मोबाइल वसतिगृहाच्या वाय-फायला लगेच जोडला गेला. म्हणजे वाय-फाय ठीक.

दुसरी नोंद: कन्सोल मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला गेला. खोलीत रेंज कमी, म्हणून खेळ अडखळला. पण कन्सोलही ठीक!

मग घोडं अडलं कुठं? दोघांच्या मध्ये! घरच्या वाय-फायला एक पासवर्ड पुरतो. वसतिगृहात मुलं पुष्कळ, म्हणून तिथं प्रत्येकानं आपलं नाव आणि आपला पासवर्ड असं दोन्ही द्यायचं. मोबाइलवर ते भरता येतं. कन्सोलवर मात्र पासवर्डचा रकाना होता, नावाचा नव्हताच! बिचाऱ्या मित्राचा काहीएक दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादा कॉलेजच्या संगणक विभागात गेला. तिथल्या सरांनी कन्सोलचा मॅक अ‍ॅड्रेस मागितला. वाय-फायला जोडता येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच असा १२ खुणांचा ओळखक्रमांक मिळतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं असतात. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये तो सापडतो. सरांनी तो नोंदवून घेतला आणि कन्सोल जोडला गेला!

तरी खेळ मधेच थबकायचा. वहीत पुन्हा नोंदी सुरू. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर मुख्यतः चालतं. २.४ च्या पट्ट्यात ब्लूटूथ असतं, मायक्रोवेव्ह ओव्हनचाही अडथळा येतो, म्हणून तिथं गर्दी फार. दादानं ५ चा पट्टा निवडला आणि खेळ सुरळीत झाला. हा पट्टा भिंतींतून कमी पोचतो, पण वाय-फायचं यंत्र त्याच्या दाराबाहेरच होतं.

त्या रविवारी मी मुद्दाम ताईकडे गेले. आठ वाजले आणि छोटू ओरडला, "मावशी, किल्ला उघडला!" फोनवर मी दादाची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "मावशी, मीही मित्राची मागितली."

तेव्हा मुलांनो, काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट तपासा. आणि माणसावर रागावण्याआधी त्याला एकदा विचारा, "काय झालं रे?" मी तर आता वर्गातही आधी विचारते. पटलं ना?