दाद

मराठीत 'दाद' या शब्दाचे दोन संसार आहेत. मैफलीत समेवर येणारी दाद आपल्या परिचयाची. दुसरी रुग्णालयाच्या व्हरांड्यात ऐकू येते, आणि बहुधा नकारार्थीच. १९९५ साली माझ्या थोरल्या बहिणीविषयी डॉक्टर म्हणाले, "पेशी आता औषधाला दाद देत नाहीत." मी साहित्याचा अध्यापक, त्या क्षणीही मला तो शब्दच आधी टोचला.

अक्काला तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया होता. त्यात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक विकृत प्रथिन तयार होते आणि रक्तपेशी कोवळ्या अवस्थेतच अडून राहतात. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारे रेटिनॉइक आम्ल मोठ्या मात्रेत दिले की ही अडवणूक सुटते. पेशी प्रौढ होतात आणि आपल्या मरणाने मरतात. शांघायच्या वांग झेन-यी यांनी १९८५ साली हा उपचार एका लहान मुलीवर प्रथम केला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील २४ रुग्णांपैकी २३ जणांच्या रोगाची चिन्हे केवळ या औषधाने मावळली. अक्काला हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली होती, "म्हणजे तुझ्या वर्गासारखंच की रे! मारायचं नाही, मोठं करायचं."

काही महिन्यांनी रोग उलटला. पेशी हट्टाला पेटल्या, असेच मी तेव्हा समजलो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की औषध बरेचदा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. शरीर त्याचे विघटन अधिक वेगाने करू लागते. पेशीतले एक प्रथिन त्याला वाटेतच धरून ठेवते. कधी ज्या ग्राहकाला ते बिलगायचे, त्याचाच आकार पालटलेला असतो.

जपानमध्ये कोइची शुदो यांनी घडवलेले टॅमिबॅरोटीन हे कृत्रिम रेटिनॉइड मूळ रेणूहून अधिक टिकाऊ आहे, आणि वाटेतल्या त्या प्रथिनाच्या हाती ते सहसा सापडत नाही. निरोप जुनाच, वाक्यरचना मात्र निराळी. जपानने २००५ साली त्याला उलटलेल्या वा न बधणाऱ्या रोगासाठी मान्यता दिली. आज रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक यांच्या जोडीने या रोगाचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात, त्यामुळे त्याची गरज क्वचितच पडते.

एखादा विद्यार्थी 'दाद देत नाही' असे मीही अध्यापक-कक्षात कितीदा म्हटले असेल. आता ते वाक्य ओठावर येताच थांबतो. दोष ऐकणाऱ्याच्याच माथी मारण्याची सोय त्या शब्दात आहे. माझे बोलणे वाटेत कुठे अडकले, हे विचारण्याची नाही.

पहिल्या औषधानंतर रोग उलटलेल्या २४ जणांना टॅमिबॅरोटीन दिले गेले, त्यांपैकी १४ जणांनी दाद दिली. ही हकिगत १९९७ साली छापून आली. अक्का आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली होती.